आखाजीआधी चेन सेट

२० एप्रिल, रविवार
सकाळी शहाद्याहून गाडीचा चेन सेट आणला. दुपारी ऊन फार, झोपलो. संध्याकाळी खोका उघडला. चेन, मागचं मोठं स्प्रॉकेट, पुढचं छोटं स्प्रॉकेट. खोक्यावर लिहिलं आहे, तिन्ही एकदम बदला. तसंच करणार.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० ला. लेकीला, दीपमालाला, सासरहून आणायला ब्राह्मणपुरीला मीच मुऱ्हाळी जाणार. मुलगा नाही, म्हणून दर वर्षी मीच जातो. यंदा तिची आई गेल्यानंतरची पहिली घागर. फोनवर सांगितलं, २८ ला सकाळी तयार राहा. ती म्हणाली, आले की आईचं कपाट आवरू. त्याची एवढी काय घाई आहे, कळत नाही.

मेकॅनिककडे गाडी टाकणार नाही. मागच्या वेळीही सेट मी एकट्याने घरीच बदलला होता. ही फक्त गाडीवर बसून ब्रेक दाबून होती, मांडीवर ताट घेऊन डाळ निवडत. त्याला काही काम म्हणता येत नाही.

२१ एप्रिल, सोमवार
शाळेच्या ऑफिसात निकालपत्रकांचं काम. उशीर झाला. गाडीला हात लावला नाही. वेळ भरपूर आहे.

२३ एप्रिल, बुधवार, दुपारी ४
चेन कव्हर काढलं. साडी गार्ड आड येत होता, तोही काढला. परत लावायची गरज नाही. दीपमाला ड्रेस घालते. साडीवालं आता कोणी बसत नाही.
उजेड कमी पडू लागला म्हणून थांबलो.

२६ एप्रिल, शनिवार
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. पुढच्या स्प्रॉकेटचे दोन बोल्ट आधी सोडवायचे. त्या वेळी दुसऱ्या माणसाला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगायचं. हे व्हिडिओवाले साधी गोष्ट अवघड करून सांगतात.

पाना लावून जोर दिला की बोल्ट, चेन, मागचं चाक, सगळंच फिरतं. ब्रेक उजवीकडे, बोल्ट डावीकडे. ब्रेकवर वीट ठेवली. ती पायावर पडली. मग ब्रेक सुतळीने बांधला. सुतळी तुटली.

शेजारच्या भाईदासने भिंतीवरून डोकावून विचारलं, काय चाललंय. गाडी पुसतोय म्हणालो. तो म्हणाला, लेकीला आणायला माझी गाडी न्या. दुसऱ्याच्या गाडीवर मुऱ्हाळी जाणं बरं दिसत नाही. नको म्हणालो.

२७ एप्रिल, रविवार
विचार करून निर्णय घेतला. पुढचं स्प्रॉकेट जुनंच राहू दिलं. दात थोडे झिजलेत, पण ते छोटंच आहे, आणि आत असल्याने दिसतही नाही. मागचं नवीन बसवलं, चेन नवीन बसवली. तीनपैकी दोन म्हणजे काम झाल्यासारखंच. स्टँडवर चाक फिरवून पाहिलं. मजेत फिरतं. फार समाधान वाटलं. मेकॅनिकचं काम कोणाची मदत न घेता झालं.

घर झाडलं. कपाटाला बाहेरून फडकं मारलं.

२८ एप्रिल, सोमवार
सकाळी निघालो. कळसाडीच्या फाट्यापर्यंत गाडी उत्तम. पुढे जरा चढ लागला, रेस दिली, तर नवीन चेन पुढच्या जुन्या दातांवरून उड्या मारू लागली. मग उतरलीच. परत बसवली, परत उतरली. गाडी ढकलत घरी आणली.

वाटेत भाईदास भेटला. म्हणाला, "आप्पा, गाडीले फिराले लई जाई ऱ्हायनात का?"
मी हो, फिरवायला नेतोय म्हणालो.
त्याने मागून हात लावला. अंगणात आल्यावर बोल्ट पाहिले आणि म्हणाला, ब्रेक दाबायचाच होता तर हाक मारायची, माझा पाय काय झिजणार होता का. लागलं तर सांगतो म्हणालो. तो हात पुसत गेला.

दीपमालाला फोन केला. किरकोळ अडचण आहे, उद्या नक्की. ती बॅग भरून सकाळपासून ओट्यावर बसली होती.

२९ एप्रिल, मंगळवार
शहाद्याहून लांब दांड्याचा पाना आणला. त्याने सगळं जास्त जोरात फिरतं.

संध्याकाळी दीपमालाचा फोन. एसटीने येते म्हणाली. मी नको म्हणालो. मुऱ्हाळी असताना लेकीने एकटीने बसने येणं बरं दिसत नाही. मग सेट कसा बसवायचा ते तिला सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "पप्पा, गाडीनं ऱ्हाऊ द्या. मी येऊ का नको, तितलंच सांगा."

आवाज नीट येत नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. आमच्याकडे रेंजचं काही खरं नसतं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी
घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. दर वर्षी ही वास घेऊन निवडायची. मी आणलेलं कच्चं निघालं. चुलीत नैवेद्याची आगारी टाकली, हिचं नाव घेतलं.

दुपारी जावई एकटेच आले. डब्यात सांजोऱ्या होत्या, दीपमालाने आईच्या घागरीसाठी केलेल्या. चल म्हणून तेही तिला म्हणाले होते. ती म्हणाली, पप्पांनी ये म्हटलेलं नाही. सकाळी बॅगेतले कपडे परत ठेवले. मी गाडीच्या अडचणीचं सांगायला लागलो. जावई पाणी प्यायले आणि निघाले.

भाईदासकडे लेकी आल्यात. लिंबाला झोका बांधलाय, गाणी चालू आहेत. अशा दिवशी त्याला हाक मारणं बरं दिसलं नसतं.

सांजोऱ्या घागरीजवळ ठेवल्या. एक खाल्ली. साडी गार्ड परत लावला. ते एकट्याने होतं.

मग गाडीवर बसलो आणि ब्रेक दाबला. चांगला लागतो. पाना खाली, बोल्टपाशी होता. तिथपर्यंत हात पोचत नाही. थोडा वेळ दाबून धरला.