सुगंधी द्रव, व्हॅनिला

मामा,

परवा तुमच्या नातीचा फोन आला. ती आता कायद्याचं शिकते. तुम्ही गेलात तेव्हा तिला पाचवंसुद्धा लागलं नव्हतं. ई-सिगारेटवर देशात सरसकट बंदी आली, त्यावर तिला कॉलेजात काहीतरी लिहून द्यायचंय. बंदीच्या आधी हा माल बंदरातून कसा यायचा, कुठल्या नियमात बसायचा, हे विचारायला तिने मला गाठलं. तमिळ, इंग्रजी आणि तुमच्या घरची मराठी एकत्र कालवून ती बोलते. मी सांगत होते, ती लिहून घेत होती. मध्येच थांबून म्हणाली, "आंटी, आमच्या घरी एक इन्सिडेंट झाला होता, ठाऊक आहे ना? तात्तांनी ती बाटली किचनमध्ये ठेवली आणि मी हॉस्पिटलात. अप्पा अजून म्हणतात, तात्तांचं केअरलेस." केअरलेस, आणि तिचे तात्ता, म्हणजे तुम्ही! तेही तुमच्या मुलाच्या तोंडून. मी काय उत्तर दिलं असेल? म्हटलं, "तेव्हा कायदाच नव्हता गं बाळा." आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर स्वतःचाच असा संताप आला की पोळ्या करायला घेतल्या आणि निम्म्या करपवल्या. नवऱ्याने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. हे "काही नाही" मी गेली कित्येक वर्षं म्हणतेय.

बंदराजवळच्या जॉर्ज टाउनमधलं आपलं ऑफिस आठवतं. दुसरा मजला, खाली दोरखंडाचं दुकान, आणि दिवसभर हातगाड्यांचा आरडाओरडा. नवऱ्याची गाड्यांच्या कारखान्यात बदली झाली म्हणून मी सांगलीहून आलेली, तमिळचं अक्षर येत नव्हतं, आणि बंदरातून माल सोडवून देणाऱ्या त्या ऑफिसात मला नोकरी लागली ती केवळ टायपिंगवर. हेडक्लार्क मराठी बोलतात हे कळल्यावर मी हुरळले होते. तुम्ही तोंड उघडलंत आणि मला वाटलं, पणजोबाच बोलताहेत. "काय आणिलें आहेस, अम्मा?" तंजावरकडची तुमची मराठी, चाल सगळी तमिळ, आणि प्रत्येक तिसऱ्या वाक्याला "सरि", म्हणजे बरं. पंधरवड्यातच सगळ्यांसारखी मीही तुम्हाला मामा म्हणायला लागले. सख्ख्या मामाने मला एवढं कधी शिकवलं नव्हतं, आणि एवढं झापलंही नव्हतं.

झापल्याचा पहिला दिवस लख्ख आठवतोय. परदेशातून आलेल्या पेट्या, सोबतच्या बिलावर "घरगुती सामान" छापलेलं. मी तेच जसंच्या तसं आपल्या फॉर्मवर उतरवून सहीला आणलं. तुम्ही फॉर्म बाजूला सारता. नमुन्याच्या पेटीत हात घालता, एक लायटर काढता, कट्कन पेटवता आणि त्याच्यावर स्वतःची सिगारेट शिलगावता. "हें घरगुती सामान. यांत गॅस भरिलेला. जहाजावर पेटलें असतें तर तूं काय लिहिली असतीस? घर पेटलें?" सगळं ऑफिस हसलं आणि मी रडवेली झाले. मग तुम्ही खुर्ची ओढून मला बसवलंत. "विकणाऱ्यानें काय नांव दिलें तें सोड. पेटी उघड, हातांत घे, वास घे, मग तुझ्या शब्दांत लिही. आपण लिहितों तेंच नांव घेऊन तो माल गांवांत जातो." ऑफिसची पद्धतच होती ती. नवा माल आला की नमुना तुमच्या टेबलावर उघडायचा, आणि तुम्ही निळ्या शाईने एक चिठ्ठी लिहून फाइलच्या पहिल्या पानावर टाचायचात. चिठ्ठीशिवाय फॉर्म हलायचा नाही.

आणि तुमची ती सिगारेट. सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आली तेव्हा ऑफिसातल्या सगळ्या ओढणाऱ्यांनी कटकट केली, आणि "येथे धूम्रपान करू नये"चा बोर्ड भिंतीवर ठोकला तो तुम्हीच, स्टुलावर चढून. त्यानंतर दिवसातून आठ-दहा वेळा ते अंधारे जिने उतरायचे, रस्त्यापलीकडे जायचं, ओढायची, पुन्हा चढायचं. गुडघे कुरकुरायचे, छाती घरघरायची. मी म्हणायचे, सोडा की एकदाची. तुम्ही म्हणायचात, "पन्नास वर्षांची सोबत, अम्मा. मामीहून जुनी."

म्हणूनच पेरुंगुडीचा तो आयातदार जेव्हा ती वस्तू घेऊन आला तेव्हा पहिल्यांदा मला तुमचीच आठवण झाली. आपल्या नागपूरकडचा माणूस, आयटीतली नोकरी सोडून धंद्यात उतरलेला, बोलायला मिठ्ठास. त्याने टेबलावर डबी ठेवली: पांढरी कांडी, आत बॅटरी, टोकाला लाल दिवा, आणि सोबत द्रव भरलेल्या बोटाएवढ्या बाटल्या. जाळ नाही, राख नाही, धूर नाही, नुसती वाफ. तुम्ही बाटली उघडलीत, हुंगलीत, झाकण फिरवून पाहिलंत, त्याच्याबरोबर आलेलं परदेशी पत्रक भिंग लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत. तंबाखूच्या कायद्यात ती बसेना, कारण आत तंबाखूचं पान नव्हतं. औषधात धरावी तर निकोटिनचं च्युइंगम औषधात धरतात, पण हे तोंडाने ओढायचं. विजेच्या वस्तूंत घालावी तर बाटल्यांचं काय करायचं? तुम्ही नेहमीसारखी इंग्रजीत चिठ्ठी लिहिलीत आणि लिहिता लिहिता मला मराठीत सांगितलीत: यंत्र वेगळें, द्रव वेगळा. द्रवांत निकोटिन आहे, हा शब्द नांवांत आलाच पाहिजे. औषध खात्याचें मत मागवावें, तोंवर माल थांबवावा. आणि खाली आणखी एक ओळ: झाकण लहान मूल उघडेल.

त्याच आठवड्यात तुमच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही महिन्याच्या रजेवर गेलात. टेबल माझ्याकडे आलं. आयातदार रोज फोन करायचा. "ताई, दिवाळीच्या आत माल दुकानात पाहिजे. कायदा कुठे नाही म्हणतोय? मनाईच नाही तर परवानगी कशाला मागायची?" मला त्याच्या बोलण्यात खोट सापडेना. खरं सांगू का मामा, मला ती शोधायचीही नव्हती. मला दाखवून द्यायचं होतं की मामा नसले तरी हिचं अडत नाही. तुमची चिठ्ठी मी टाचणीसकट काढली आणि फाइलच्या तळाशी सरकवली. फॉर्मवर लिहिलं, विजेचं उपकरण, आणि पुढच्या ओळीत, सुगंधी द्रव. वास तर होताच की त्याला, व्हॅनिलाचा. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, फक्त एक शब्द गाळला. माल सुटला. कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं मी ठेवलंच काय होतं?

खूश होऊन त्याने मला एक डबी दिली आणि ती मी तुम्हाला आणली. आवडी या उपनगरात, तुमच्या मुलाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. डोळ्यांवर हिरवं फडकं बांधून तुम्ही झोपाळ्यावर बसलेले, आणि नात तुमच्या पोटावर पाय देऊन वर चढतेय. मामींनी स्वयंपाकघरातच पाट दिला, डांगर पच्चडी वाढली आणि, सिगारेटऐवजीचं यंत्र आणलंय एवढं ऐकून, माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "यांची सिगारेट सुटली तर तुला पुण्य." मग झोपाळ्यापाशी येऊन मी तुमच्या हातात डबी ठेवली. तुम्ही बोटांनी चाचपून ओळखलीत. "हें सुटलें? मत आलें खात्याचें?" मी म्हटलं, "आलं. तुमच्या चिठ्ठीप्रमाणेच सोडलं." वेळ मारून नेली. तुमचे डोळे बांधलेले होते म्हणून ते इतकं सहज तोंडातून गेलं. तुम्ही म्हणालात, "शाबास, अम्मा." आणि बाटल्या नातीच्या हाताला लागू नयेत म्हणून स्वतः चाचपडत उठून स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्यात. मामीही तिथेच होत्या, पण मागच्या दारी दूधवाला ओरडत होता म्हणून पाठमोऱ्या. काय ठेवलंत ते त्यांनी पाहिलं नाही, आणि मी पाहिलं पण बोलले नाही.

परदेशी मालावर आपल्याकडच्या आयातदाराला स्टिकर लावावं लागतं, त्यावर वस्तूचं नाव, आणि नाव तेच जे फॉर्मवर असतं. हे मी टाइप करताना मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण ते नाव कुणी वाचेल, हे डोक्यातच आलं नाही. तीन आठवड्यांनी मामींनी नातीसाठी कस्टर्ड केलं. फळीला शिडी लावून डबे पुसताना त्यांना बाटली दिसली. मूळ छपाईवर स्टिकर बसलेलं, आणि इंग्रजी त्यांना चांगलं वाचता येतं. सुगंधी द्रव, व्हॅनिला. त्यांनी चमचाभर घातला.

पोरीने चार घास खाल्ले आणि जीभ भाजते म्हणून रडायला लागली. मग उलट्या, लाळ, हातपाय गार. तुम्ही फडकं सोडलेलं, पण नवा चष्मा अजून आला नव्हता. मामींनी बाटली दाखवली तशी तुम्ही नुसत्या वासावरून ओळखलंत. दवाखान्यात डॉक्टर बाटली उलटसुलट करून विचारत होते, आहे काय यात, आणि तुम्ही ओरडून सांगत होतात, "निकोटिन! निकोटिन आहे!" मला हे मामींनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, हे ओरडले म्हणून डॉक्टरांना कळलं. दोन दिवसांनी पोर उठून बसली आणि इडली मागायला लागली. मी ऑफिसातल्या बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले. ती वाचली म्हणून रडले, आणि आपणही वाचलो, असंही त्यात कुठेतरी होतं.

नवा चष्मा लावून तुम्ही कामावर आलात त्या सकाळी माझ्या टेबलावर ती बाटली ठेवलीत. स्टिकर माझ्याकडे. "अम्मा, हें कोणाचें लिहिणें?" आवाज अजिबात चढलेला नाही. तेव्हा बोलायला हवं होतं. तुम्ही झापलं असतंत, नोकरीवरून काढलंही असतंत, आणि संध्याकाळी कॉफी पाजली असतीत. मी म्हटलं, "आयातदाराने परस्पर लावलं असणार." "सरि," म्हणालात, बाटली उचललीत, खिशात टाकलीत. जिना उतरून सिगारेट ओढायला गेलात. पुन्हा या विषयावर शब्द काढला नाहीत.

घरी तुम्ही सांगितलंत की चूक तुमची. विषारी वस्तू घरात ठेवली, कुणाला सांगितलं नाही. मुलाने ते मनावर घेतलं. घरचे नातीला तुमच्या खोलीत एकटीला जाऊ देईनासे झाले. तुम्ही ऑफिसातून आल्यावर ती तुमच्या पोटावर चढायची, ते बंद झालं. मामी मला त्याच स्वयंपाकघरात बसवून सांगायच्या, "हे दार लोटून बसतात. बोलत नाहींत." आणि मी काय करत होते, तर कॉफीचा डवरा धरून मान डोलवत होते. तुम्ही वर्षाच्या आत गेलात, झोपेत, हृदय थांबून. पन्नास वर्षांच्या सिगारेटने गेलात असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही असेल.

तुमचं ऑफिसातलं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. ती फाइल मी आधी काढली, तुमची चिठ्ठी फाडून टाकायला. खोटं कशाला बोलू. फाइलींना मी नेहमी साधी सुरगाठ मारते. तुम्ही दोरीला दोन वेढे देऊन गाठ आत दडवायचात, ती सोडवायला नख लागायचं. त्या फाइलीची गाठ आत दडवलेली होती. उघडली तर चिठ्ठी तळाशी नव्हती. पहिल्या पानावर, जिथे असायला हवी तिथे टाचलेली होती, नवी टाचणी लावून. म्हणजे तुम्ही सगळं पाहिलं होतंत. माझा फॉर्म, माझी सही, तारीख. आणि तरी घरी जाऊन माझं नाव घेतलं नाहीत. का, मामा? माझ्या नोकरीसाठी? की तुमच्या शिकवण्यात काही राहिलं असं वाटलं म्हणून? मला तुमचा कधीकधी रागसुद्धा येतो. विचारून टाकायचं होतंत दुसऱ्यांदा, मी दुसऱ्यांदा खोटं बोलले नसते. असं मी म्हणते खरी.

चिठ्ठी मी फाडली नाही, माझ्याकडे आहे. पुढे परदेशात कुठेकुठे या बाटल्यांना मुलांना न उघडणारं झाकण सक्तीचं झालं, धोक्याची सूचना सक्तीची झाली, आणि आपल्याकडे तर दहाएक वर्षांनी सगळंच बंद झालं. कायद्याला जे कळायला इतकी वर्षं लागली ते तुम्ही निळ्या शाईत चार ओळींत लिहून ठेवलं होतंत. परवा तुमच्या नातीला मी म्हटलं, तेव्हा कायदाच नव्हता. कायदा नव्हता, पण चिठ्ठी होती, आणि ती मला वाचता येत होती.

मामी अजून आवडीलाच आहेत, पण आता मुलाच्या स्वतःच्या घरात. डोकं शाबूत आहे, ऐकू जरा कमी येतं. आज दुपारी लिहायला बसले ती हे पत्र त्यांना आणि तुमच्या नातीला नेऊन द्यायचं असं ठरवूनच. चांगला कागद घेतला, पाकिटावर पत्ताही घातला. तुमच्या घरात सगळे मराठी बोलतात, पण नागरी अक्षर तुम्हाला कधी येत नव्हतं, मामींना येत नाही, पोरीलाही नाही. तुम्ही लोक लिहिता ते तमिळमध्ये नाहीतर इंग्रजीत. मला इंग्रजी चांगलं लिहिता येतं, आयुष्यभर तेच टाइप केलं. तरी पहिल्या ओळीपासून मी हे नागरीत लिहीत आले, आणि का, ते मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं.