एकोणीसच्या पाढ्याला हळद लागली

तीर्थरूप गोदूताईस,

धाकट्या मार्तंडाचा आधी दोन्ही हात जोडून आणि मग त्याच हातांनी दोन्ही कान धरून नमस्कार.

तुझा डावा गुडघा कसा आहे? भावोजींनी गोड कमी केले, की अजून क्षिप्राच्या डब्यातले लाडू पळवतात? इकडे नागावला सगळे ठीक. (नारळ बरे लागलेत, सुपारी मात्र पावसाने गळली, आणि शेजारच्या होमस्टेच्या पाहुण्यांनी आपल्या विहिरीत दोरासकट बादली घालवली.) पत्र पोस्टाने का, असे तुला वाटेल. ताई, तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. (हे तुला एकटीला जमणे नाही, क्षिप्राने करून दिले असणार. मामा रागावलाय म्हणून तिला सांग.) पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, तेवढ्यात मी लिहून घेतो.

तुझा राग खरा आहे. एका भाऊबिजेला निवडणुकीचे प्रशिक्षण आडवे आले, परसाल कसल्याशा सर्वेक्षणात मला गावोगावच्या म्हशी मोजायला धाडले, आणि दोन्ही वेळा तू ताट वाढून संध्याकाळपर्यंत दारात उभी होतीस, हे भावोजींनी मला सांगितले आहे. तिसऱ्यांदा चुकलास तर चंद्राला ओवाळून मोकळी होईन आणि पुढे त्यालाच भाऊ म्हणेन, असा तुझा शेवटचा निरोप. त्यानंतर फोन बंद. आणि ताई, तिसऱ्यांदा चुकायची वेळ अगदी दारात येऊन उभी होती. ती टळली. ते सांगायलाच हे पत्र लिहितो आहे, आणि गेले चार दिवस मी इतका हलका झालोय की घरी सगळे मला ताप तर नाही ना म्हणून हात लावून बघतात.

झाले असे. जूनमध्ये वरून कागद आला की यापुढे रोजच्या शिकवण्यात कला आणायची. गणितात गाणे, भूगोलात नाच, परिसर अभ्यासात माती, जिथे जे बसेल ते. पुढे साहेब शाळेत येऊन प्रत्येक शिक्षकाचा एक पाठ बघणार, आणि ज्याचा पाठ पडेल त्याला दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांचे निवासी प्रशिक्षण. शेवटचा दिवस नेमका भाऊबीज! आता माझे आणि कलेचे नाते तुला ठाऊकच आहे. मी नऊ वर्षांचा असताना गणपतीच्या आरतीला माझ्या हातात झांजा देऊन, तू नुसत्या वाजव, तोंड उघडू नकोस, असे सांगणारी तूच. (काकू माझा आवाज ऐकून निरांजन घेऊन आत गेली होती, हे खरे आहे. पण तिला तूप घालायचे असेल.) तेव्हापासून पंचेचाळीस वर्षे मी देवासमोरसुद्धा नुसते ओठ हलवतो.

प्रयत्न मात्र मी मनापासून केले, तेवढे श्रेय दे. आधी चित्रकला धरली. फळ्यावर गाय काढली, तर सगळ्या वर्गाने ती रेवसची लाँच आहे असे एकमुखाने सांगितले, आणि निकेत नावाचा एक पोरगा तिला तिकीटखिडकी काढून द्यायला पुढे आला. मग माती आणली. मुलांनो, मातीचा शंकू करा, एवढेच म्हणालो. आपल्याकडे श्रावण संपत आला असताना मुलांच्या हातात माती दिली तर काय होणार, हे मला कळायला हवे होते. चौदा मुलांनी चौदा गणपती केले. शंकूवर सोंड आली की तो शंकू राहत नाही. ते मोडून पुन्हा शंकू करा म्हणायची माझी छाती होईना, वर्गातल्या कपाटावर ठेवायचे तर मुले रोज फुले आणू लागली, शेवटी गणिताचे दोन तास खर्च करून आम्ही भूमिती खाडीत विसर्जित केली.

वाचवले ते भागूबाईंनी. भागूबाई म्हणजे शाळेत खिचडी शिजवतात त्या. पण गावात त्यांचा खरा मान धवलारीण म्हणून. माझी शाळा आहे त्या मिठागराच्या गावांत लग्नात धवले गातात, एकेका विधीचे एकेक गाणे, आणि ते गाणारी ती धवलारीण. एकदा खिचडी ढवळता ढवळता त्या हळदीचा धवला गुणगुणत होत्या, आणि माझ्या वर्गातली प्राप्ती ताटली घेऊन रांगेत उभी राहून त्यांच्यापेक्षा एक ओळ पुढे म्हणत होती. हीच प्राप्ती एकोणीसचा पाढा जूनपासून एकोणीस पंचे पंच्याण्णवच्या पुढे नेत नव्हती, आणि इथे पन्नास ओळींचा धवला तोंडपाठ! मी तिथेच ठरवले. भागूबाईंनी चाल दिली, मुलांनी पंधरा दिवसांत एकोणीसचा पाढा त्या चालीत बसवला, आणि मला गाण्यातून सूट मिळाली. (मी एकदा सुरुवात करून दाखवली होती. भागूबाईंनी पळी खाली ठेवून, गुरुजी, तुमी पाढाच बगा, असे प्रेमाने सांगितले.) एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली होती, की पितरांच्या दिवसांत ही चाल शाळेबाहेर ऐकू जाता कामा नये. मी हो म्हटले. चालीला कुठले आले पितर, असे मनात म्हटले, हा माझा नागावकरी शहाणपणा.

साहेबांनी तारीख तीनदा बदलली आणि यायचा दिवस काढला तो भर पितृपक्षात. हर्षदसाहेब म्हणजे कडक माणूस, हसताना कोणी पाहिलेला नाही. मुख्याध्यापिका किशोरीबाई पैठणी नेसून आल्या. साहेबांना कुंकू लावले, हार घातला, शाल पांघरली, हातात नारळ दिला, आणि वर्गात दोनच बऱ्या खुर्च्या असल्याने दोघांना शेजारी शेजारी बसवले. खिडक्या उघड्या, कारण उकडत होते. मुलांनी सूर लावला. काय सांगू ताई, चौदा जणांचा आवाज पार शेताच्या बांधापर्यंत गेला.

एकोणीस पंचे पंच्याण्णव झाले आणि दार भरून गेले. कोयते कमरेला, पदर खोचलेले, अशा बारा बायका, पुढे सत्यवतीबाई. पितरांच्या दिवसांत गावात हळद लागते आहे असे ऐकून भातकापणी सोडून धावत आलेल्या. त्यांनी आत बघितले तर हार घातलेला नवरदेव, हातात नारळ, शेजारी पैठणीत किशोरीबाई, ज्यांचे यजमान याच गावात टेम्पो चालवतात.

"आगो बाय!" सत्यवतीबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "किशोरीबाय, तुमचा नवरा भाडा घेऊन पनवेलला गेला, नि तुमी ह्या दिसांत दुसरा लगीन लावताव?"

साहेब उठायला गेले तर नारळ सुटून बाकाखाली गडगडला. भागूबाई पळी घेऊन धावत आल्या आणि, लगीन न्हाय, पाढा हाय, असे ओरडू लागल्या, पण ते कोणाला पटणार? मुले घाबरून गप्प झाली होती. प्राप्तीचे तोंड उघडेच, एकोणीस सक तिच्या जिभेवर येऊन थांबलेले, आणि डोळ्यांत पाणी. पाठ पडला होता. मला तुझे दार दिसले, रिकामा पाट दिसला आणि आभाळातला तो चंद्र दिसला.

तेवढ्यात कोणीतरी पुढची ओळ उचलली. एकोणीस सक एकशे चौदा, अगदी धवल्याच्या चालीत, निदान त्या चालीच्या आसपास. प्राप्तीने लगेच धरली, मग सगळ्या मुलांनी. आणि बायकांचे काय, ताई, धवल्याची ओळ कानावर आली की ती परत म्हणायची हे त्यांच्या अंगात मुरलेले. एकोणीस सत्ते त्या बाराही जणींनी झेलले. एकोणीस दाहेला सत्यवतीबाई डोळे मिटून गात होत्या. संपल्यावर साहेबांनी निकेतला एकोणीस अठ्ठे किती ते विचारले. त्याने अगदी पहिल्यापासून गायला सुरुवात केली, साहेब पूर्ण वेळ थांबले, आणि एकशे बावन्न आल्यावर हसले. शेऱ्याच्या कागदावर 'समाजाचा सहभाग' असा एक रकाना असतो, जो आजवर कोणत्याच शाळेत भरला गेलेला नाही. तिथे साहेबांनी 'उत्कृष्ट' लिहिले. प्रशिक्षण टळले. मी तिथेच मुलांच्या बाकावर बसलो आणि भागूबाईंनी मला न मागता खिचडी आणून दिली.

तेव्हा भाऊबिजेला मी येतो आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने. भावोजींना नमस्कार, क्षिप्राला आशीर्वाद (राग परत घेतला).

तुझा धाकटा,
मार्तंड

ता. क. : ओवाळणीसाठी तुला साडी घेतली आहे. रंग हळदीचा आहे, दुकानात दुसरा सुचलाच नाही.

ता. क. : पत्र लिहिण्याचे खरे कारण हे, की मला ब्लॉकमधून काढ. किशोरीबाईंनी त्या दिवशी व्हिडिओ काढायला मोबाईल खिडकीत ठेवला होता, तो मला तुला पाठवायचा आहे. मधे सगळे गप्प होतात आणि एक बेसूर आवाज एकटाच वर जातो, तिथे बंद करू नकोस. तो कोणीतरी मीच.

ता. क. : तू ओवाळशील तेव्हा मला झांजा देऊ नकोस.