सहीपुरती कोच

६ जानेवारी, सोमवार

हो म्हणून बसले! दोन दिवस विचार करून सांगते, असं म्हणायचं ठरवलं होतं. दोन मिनिटंही घेतली नाहीत.

पेठ सोडून आम्ही शाहूपुरीत राहायला आलो, त्या घरी हंबीरराव स्वतः आले होते. पेठेतल्या रणभैरी तालमीचे अध्यक्ष, मिशा पार पांढऱ्या झाल्या, पण खुर्चीत बसायची ऐट तीच. चहा संपेपर्यंत ऊस, थंडी, आईचे गुडघे. मग मुद्दा. यंदा तालमींच्या फुटबॉल लीगला नवा नियम आहे — लायसन असलेल्या कोचची सही नसेल तर टीमचा कागदच घेत नाहीत. पहिल्या सहा सामन्यांना गडहिंग्लजचा एकजण येऊन सही करून जायचा. त्याला नोकरी लागली, तो गेला. तालमीत तीस वर्षं टीम बघतात ते कृष्णात अण्णा, पण त्यांचं सगळं शिक्षण मैदानातलं. लायसन माझ्याकडे आहे, शाळेच्या तीन सुट्ट्या घालवून काढलेलं.

"नाव तुमचं, काम कृष्णातचं," हंबीरराव म्हणाले. "डगआउटमधी बसायचं, कागदावर सही ठोकायची. बाकी तुमच्या डोक्याला ताप न्हाय, मॅडम."

मॅडम! याच तालमीच्या मुलींच्या टीमकडून मी नऊ वर्षं खेळले. तालमीच्या बाहेरच्या भिंतीवर अजून माझं चित्र आहे, रंग उडालेलं का होईना. मी सोडल्यावर दोन वर्षांत ती टीम मोडली, कुणी हळहळलंही नाही. आणि आता सही ठोका.

तरी हो म्हणाले. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून माझं मैदान म्हणजे शाळेतली कवायत. मला परत तिथं उभं राहायचंय. फार राहायचंय. पाय तेवढा आत टाकू दे, पुढचं मी बघते.

७ जानेवारी, मंगळवार

आई म्हणाली, "मान न्हाय तिथं कशाला मरायला जातीस?" उत्तर दिलं नाही. तिचंही बरोबर आहे.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी सहाला प्रॅक्टिस. मी शिट्टी वाजवली की पोरं आधी अण्णांकडे बघतात. अण्णा मान हलवतात, मग पळतात.

हिशेब सरळ आहे. सहा सामने झाले, पॉइंट दोन. उरले तीन सामने. शेवटून दुसरी टीम पाच पॉइंटवर आहे आणि तिचे सामने संपलेत. तिला मागं टाकलं नाही तर रणभैरी तालीम खालच्या गटात. पन्नास वर्षांत झालं नाही ते माझ्या सहीनं होणार. माझ्या! ते काही मी होऊ देणार नाही.

१२ जानेवारी, रविवार

हरलो. ०–२.

आपली रीत अशी की सामन्याच्या सकाळी तालमीत मारुतीपुढं जर्सी ठेवायच्या आणि अण्णांनी टीम वाचायची. ज्याचं नाव येईल त्यानं पाया पडून जर्सी उचलायची. एकदा उचललेली जर्सी परत घ्यायची नाही, मग कुणी का मध्ये पडेना. आणि बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही, ही दुसरी रीत. म्हणजे टीम आत आणि टीमची कोच रस्त्यावर, चपला राखत!

स्टॉपरला, म्हणजे गोलपुढच्या बचावाला, अमरसिंह. हंबीररावांचा पुतण्या, पस्तिशीला टेकलेला. दोन्ही गोलांना तो उभा राहून बघत होता. बाकावर कोण, तर राजवीर. मुरगूडहून एसटीनं येतो, डाव्या पायाचा, वाऱ्यासारखा पळतो. पेठेतला नाही, एवढाच त्याचा गुन्हा. अण्णांना म्हटलं, राजवीरला उतरवूया. "थांब की जरा." थांबले ती शिट्टी होईपर्यंत.

वर मलाच विचारतात, "बॉल कुणाकडं हाय?" बॉल डोळ्यांसमोर! मी बारा वर्षांची असताना अण्णा माझी अशीच परीक्षा घ्यायचे. तेव्हा चालायचं. आता सगळ्या बाकासमोर? मी तोंड मिटून बसले. शेवटी बाकावरच्या पोरांनीच सांगितलं.

खेळायला मला ह्याच माणसानं शिकवलं. राग म्हणून जास्त येतो.

१३ जानेवारी, सोमवार

शाळा सुटल्यावर थेट हंबीररावांकडे गेले. बसले नाही. म्हटलं, टीम मी निवडणार, नाहीतर रविवारी सही नाही. त्यांनी मिशीला हात लावला. मला वाटलं आता ओरडणार. ओरडले नाहीत.

"बरं. यादी तुमची. पर वाचनार कृष्णातच. ती रीत मोडायची न्हाय."

इतक्या सहज? मी भांडायची तयारी करून गेले होते, ती वायाच गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. राजवीरनं घरून तिळाच्या वड्या आणल्या. बाकीच्यांनी गोड सोडाच, बोलायचंच टाळलं.

१६ जानेवारी, गुरुवार

अमरसिंहला आज दहा वेळा पळवला. सहाव्यांदा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, सामना हाय का पोलीस भरती?" सगळे हसले. मीही हसले. मग म्हटलं, अजून चार राहिलेत. पळाला बापडा. वाईट नाही तो. फक्त संपलाय, आणि हे त्याला कुणी सांगत नाही.

१९ जानेवारी, रविवार

काय बोलावं!

यादी स्वतःच्या हातानं लिहून अण्णांना दिली. ठळक अक्षरात. अमरसिंह बाहेर, राजवीर आत. त्यांनी घडी करून खिशात ठेवली, "वाचतो की" म्हणाले. मी उंबऱ्याबाहेर उभी. आतून त्यांचा आवाज आला, खणखणीत — आणि तीच जुनी अकरा नावं! अमरसिंह आहे, राजवीर नाही. मी दारातून ओरडणार तोवर जर्सी उचलल्या गेल्या. आता काय करणार? सही केली नसती तर टीम न खेळता हरली असती. केली. 

१–१. राजवीरला शेवटची वीस मिनिटं मी कुणालाही न विचारता उतरवला. त्याच्याच पासवर बरोबरी झाली. पॉइंट तीन. शनिवारी जिंकलो तरच वाचणार.

लबाड म्हातारा. सगळ्या पेठेसमोर माझा कागद खिशात घालून माझंच नाक कापलं. उद्या घरी जाऊन विचारणार आहे. त्यांनी शिकवलं असेल, पण मला विकत घेतलेलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

भांडायलाच गेले होते, खोटं कशाला लिहू.

अण्णा सोप्यात खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, अंबूबाई काकूंनी, चहा टाकला. मी विचारलं, "अण्णा, मी दिलेली नावं का वाचली नाहीत?"

"तुझं अक्षर लागलं न्हाय."

शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळालेलं, तेव्हा पेढे वाटले होते ह्यांनी! मी पर्समधून नवी यादी काढली, त्यांच्या हातात दिली. "आता वाचा. माझ्यासमोर."

त्यांनी कागद धरला. जरा लांब, मान तिरकी करून. आणि वाचायला लागले. एक नंबर ऋतुराज… पाच नंबर अमरसिंह… तीच सगळी. एकही न अडखळता.

कागद उलटा होता.

चहा तसाच घशाखाली ओतला, तोंड भाजलं. काकू मला सोडायला गल्लीच्या वळणापर्यंत आल्या. "साखरेनं डोळं गेलं बाई. दोन वर्सं झाली. समूर मानूस हाय एवढं कळतं, सावलीवानी. कुनाला बोलू नगंस. तालीम सुटली तर ह्यो गडी चार दिस काढायचा न्हाय." शब्द दिला.

"बॉल कुणाकडं हाय?" — आणि मी तोंड मिटून बसले होते. त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं बॉल कुणाकडे आहे. ती अकरा नावं म्हणजे त्यांना शेवटची दिसलेली टीम.

काल मी त्यांना लबाड लिहिलं. ते खोडत नाही. राहू दे, माझ्या डोळ्यांसमोर.

२१ जानेवारी, मंगळवार

हंबीररावांना सांगितलं तर अण्णा संपले. गप्प बसले तर टीम संपली. तिसरं काहीतरी काढणार. काढणारच.

२२ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी पुन्हा गेले. कागद नेलाच नाही. म्हटलं, "अण्णा, टीम तोंडी सांगते, चुका काढा."

"काढतो की. त्यात काय."

अमरसिंहवर तासभर वाजलं. "त्येच्या बानं तालमीवर कौलं घातली हायती." मी म्हटलं, कौलांना नाही उतरवायचं शनिवारी. काकू आतून हसल्या, मग अण्णाही. हसले म्हणजे मानलं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग राजवीरचं नाव आलं. "पळतोय झ्याक," म्हणाले. "हलकं पाऊल हाय. पर जाताना ऐकू येतंय, परत येताना येत न्हाय."

खरं आहे, तो मागं येतच नाही! दोन आठवडे मी दोन्ही डोळ्यांनी बघतेय आणि मला दिसलं नाही. अण्णांनी पुढचं नाव विचारलं. त्यांना कळलंय की मला कळलंय. असं मला वाटतं.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी राजवीरला मागं पळवला. संध्याकाळी अण्णांची उजळणी. ते अडले की काकू भाकरी थापत थापत आतून सांगतात, "सात नंबर राजवीर!" चाळीस वर्षं संसार केला, फुटबॉल कधी पाहिला नाही बाईंनी. आता टीम त्यांनाही पाठ.

२४ जानेवारी, शुक्रवार

अकरा नावं बिनचूक. दोनदा.

मी उठले तर म्हणाले, "ऋतुराजला बसीव. माधवला ठेव गोलमधी. ऋतुराज गप असतोय. जो कीपर वरडत न्हाय तो भ्यालेला असतोय." म्हटलं, शेवटच्या सामन्याला कीपर बदलायचा? अजिबात नाही.

लायसन पर्समध्ये आहे ना, हे चार वेळा बघितलं. खेळायचे तेव्हा माझं असं व्हायचं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी तालमीबाहेर उभी. अण्णांनी खिशातून कागद काढला — कुठलासा, लाईटबिल असेल — समोर धरला आणि वाचायला लागले. "एक नंबर, माधव." माझं डोकं फिरलं! पुढची दहा मात्र माझीच, एकही चूक नाही. अमरसिंहचं नाव आलं नाही तेव्हा आत सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग त्यानंच एकेकाला जर्सी उचलायला पुढं केलं. मी मनात त्याची माफी मागितली.

स्टेडियमवर जाताना अण्णांना म्हटलं, कीपर तुम्ही बदललात. "व्हय," म्हणाले. बास. व्हय.

डगआउटमध्ये त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या शिट्टीपासून बोलायला सुरुवात केली. बॉल आपल्याकडे, डावीकडून राजवीर, त्यांचे दोघं अंगावर, परत मागं. हळू आवाजात, कुणाला वाटावं कोच कोचशी बोलतेय. ते मान खाली घालून ऐकत होते. मध्येच म्हणायचे, "मधला थकलाय, श्वास ऐक." मी त्या खेळाडूला बदलायचे.

एकसष्टाव्या मिनिटाला राजवीरचा गोल. स्टेडियम उठलं. अण्णा बसूनच, माझं मनगट धरून. शेवटच्या दहा मिनिटांत समोरच्या टीमनं आम्हाला आमच्याच गोलमध्ये कोंडलं. माधव इतका ओरडत होता की घसा बसला त्याचा, पण एकेकाला नाव घेऊन जागेवर उभं केलं त्यानं. एक बॉल बोटांच्या टोकानं काढला. ऋतुराज तिथं असता तर? विचारच नको.

१–०. पॉइंट सहा. वाचलो! पोरांनी मला उचललं तेव्हा मी रडले. लाज वाटत नाही लिहायला. चार वर्षांनी माझं काहीतरी माझ्याकडे परत आलं.

काकूंना दिलेला शब्दही राहिला. कुणाला काही कळलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून शाळेतून आले तर हंबीरराव घरात बसलेले. पुढच्या हंगामाला कोच मीच, नुसती सहीपुरती नाही, असं म्हणाले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता एक काम करा. कृष्णातला घरी बसायला सांगा. दिसत न्हाय त्येला."

विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"दोन वर्सं ठावं हाय की. साऱ्या पेठंला ठावं हाय, पोरास्नी बी. टीम बुडायला लागली, पर त्येच्या हातातला कागद कोन काढून घेनार? सही काय, कुनाची बी आनली असती. आमच्या कुनाच्यानं त्येला बस म्हनवंना, म्हनून तुमास्नी आनलं. तुमी आता शाहूपुरीच्या. भाईरच्या मानसाला जमतंय."

"मला न्हाय जमायचं, हंबीरराव," मी म्हटलं. "मी बी पेठंतलीच हाय."