टाकी नंबर तीनचा पैलवान

३ जून
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
गाव येळ्ळूर सोडून आंध्रात आलो, वरीस झालं. जिताड्याची हॅचरी. मासे टाकीत ठेवायचे, अंडी मिळवायची, पिल्लं विकायची. एवढ्यासाठी आमच्या वरच्या तेजस्वी मॅडम कॉलेजात म्हाताऱ्या झाल्या. टिळकवाडीच्या, शहरातल्या. गोठ्याचं तोंड बघितलेलं न्हाय. मी आलो त्या दिवशी त्यांनी ट्रेनिंग दिलं, मी झोपलो. काय राहिलं न्हाय त्यात.
आईचा फोन. मच्छे गावची नीलम बघायची हाय. तिचा बाप विचारतोय, पोरगा करतो काय? सांगितलं, ह्या महिन्यात इन्चार्ज होतोय. मॅडमना अजून कळवायचंय.

५ जून
नर निवडले. मॅडम पोट दाबतात, पांढरं दूध आलं की नर पास. पास झालेले सगळे काटकुळे, भरमासारखे. भरमा म्हणजे दुसरा हेल्पर, खानापूरचा. वर्षात एकदा हसला.
माझा पैलवान, टाकी नंबर तीनचा, नापास. दूध आलं न्हाय म्हणे. गेल्या साली तीन किलोचा होता, हात लावला की पिचकारी. मी चोरून बांगडे चारून साडेपाच किलोचा केला. परशराम वस्ताद तालमीत सांगायचे, राखतो त्याचीच कुस्ती. पैलवान राखतोय. हे पुस्तकात कुठलं गावणार.

६ जून
मॅडमनी मायक्रोस्कोप दाखवला. माशाचं बी दुधात गप पडून असतं. खारं पाणी लागलं की पळत सुटतं. मिनिटभर. मग खलास. एवढ्या वेळात आमच्यात लंगोट बांधून होत न्हाय. वाण खराब, दुसरं काय.

९ जून
मॅडमनी एक मादी आणि दोन काटकुळे जोडीच्या टाकीत सोडले आणि मीटिंगला गेल्या. अंडी सुटायचं इंजेक्शन उद्या आम्ही द्यायचं.
काटकुळे बाहेर, पैलवान आत. आख्ख्या गावाला एक रेडा पुरतो. भरमा म्हणाला, मॅडमना फोन कर रं शामू. म्हटलं, तू पंप बघ. ह्याचं लगीन कसं झालं, देव जाणे.

१२ जून, सकाळ
अंडीच अंडी. नेहमीच्या दुप्पट. आईला सांगितलं, झालो इन्चार्ज. भरमाकडं बघितलं पण न्हाय.

१२ जून, दुपार
मॅडम आल्या. अंडी सगळी पांढरी, तळाला. एक पण फळलं न्हाय. म्हणाल्या, नर कुठाय? मी पैलवान दाखवला. त्यांनी त्याचं पोट दाबलं. उरलेली अंडी आली.
म्हणाल्या, जिताडा तरणा असतो तोवर नर, खाऊनपिऊन मोठा झाला की मादी. पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ह्याला एवढं चारलं कुणी?
भरमा हसला. वर्षातलं दुसरं.

१४ जून
इन्चार्ज भरमा झाला. मॅडमना माणसं ओळखता येत न्हाईत. त्यानं पयली ऑर्डर मला दिली. पैलवानाला जोडीदार बघ, बारका, पोट दाबून.
आईला म्हटलं, नीलमचं राहू दे. म्हणाली, का रं? म्हटलं, कामाचा लई लोड हाय.
पैलवानाला दोन बांगडे जास्त टाकले. बाळंतीण हाय.