तळ्याकाठचं देवभात

कर्जत,
२० ऑक्टोबर १९७७

प्रिय गोपाळ,

तुझं नागपूरहून आलेलं पत्र मिळालं. माझा संकराचा वाफा गेला हे ऐकून वाईट वाटलं म्हणतोस, आणि पुढच्याच ओळीत ‘आता तरी मोकळी झालीस’ असंही लिहितोस. वाईट वाटायला जरा तरी वेळ घ्यायचास.

माझं देवभाताचं खूळ तुला कधी पटलंच नाही. डबक्यात आपोआप उगवणारं, पिकलं की हात लागताच झडणारं हे रानटी भात. पण आमच्याकडच्या देवभाताला तुडतुड्यांची कीड शिवत नाही. तो चिवटपणा आपल्या भातात आणायचा आणि झडायची खोड घालवायची, एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं चिखलात स्टूल टाकून चिमट्याने फुलांतले पुंकेसर काढत बसले. लोंब्यांवरच्या कागदी पिशव्या बघून तू विचारलं होतंस, भाताला मुंडावळ्या कशाला बांधतेस म्हणून. तेव्हा मीही हसले होते.

वाफा होता कुंभिवलीत, मोरूच्या शेतात. आमच्या भात संशोधन केंद्राने तो तुकडा चाचणीला घेतला होता. श्रावणात तण उपटायची बेणणी झाली तेव्हा मी तापाने घरी होते. खाचरात बुंध्याशी जांभळं रोप दिसलं की इथल्या बाईचा हात आपोआप तिकडे जातो, कारण देवभात माजलं तर पीक गेलंच. ओळीपुढे पाटी होती, पण मोरूच्या बायकोला, सोनुबाईला, माझ्या संकराचा देवभातासारखाच जांभळा बुंधा आधी दिसला. तिने ओळच्या ओळ उपटली. साहेबांनी लगेच वर कळवलं, प्रयोग संपला. त्यांना तो मुळातच नको होता.

गेल्या आठवड्यात मी पाट्या आणायला गेले. तुडतुड्यांनी मोरूचं शेत जागोजागी जाळल्यासारखं केलं होतं. रोपं बांधावर वाळली असतील ना, असं सोनुबाईला विचारलं, तर ती माझ्यावरच उखडली. “देवाचं भात हाय बाय ते, बांदावर कसं टाकू? फुडच्या ऋषीपंचमीला लागंल म्हणून तळ्याच्या कडंला लावलं ना मी.” त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून बायका देवभात जपतात, तुझी आईसुद्धा जपते. हे मला सुचायला हवं होतं.

रोपं उभी होती, जळक्या शेताच्या शेजारी हिरवी. बहुतेकांचे दाणे झडून गेले होते. एका रोपाची पिकलेली लोंबी मुठीत धरून मी करकचून दाबली. दाणे हलले नाहीत. पुन्हा दाबली. मग तिथेच चिखलात उभी राहून रडले, आणि सोनुबाईला वाटलं, तिच्यामुळेच.

साहेब म्हणतात, बंद केलेलं काम पुन्हा उघडायचं नाही. मोरू मात्र जागा देतोय. रजा टाकून, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं मी ते बी पेरणार. नोकरीवर गदा आली तरी पेरणार. नवी जात तयार व्हायला अजून किती वर्षं लागतील सांगता येत नाही. कदाचित काहीच हाती येणार नाही.

रविवारी तुझे वडील आमच्याकडे मुहूर्त ठरवायला येणार आहेत, त्याआधी तुला हे कळावं म्हणून लिहितेय. लग्नाआधी राजीनामा द्यायचा ही तुझी अट. वाफाच गेला, तेव्हा मी ती मान्य करणार, असं तू धरून चाललास. मी राजीनामा देणार नाही. बाबांना सांगितलंय, ते माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्यावर माझं प्रेम आहे, ते लपवायचं मला कारण नाही. पण त्यासाठी मी हे बी टाकून येणार नाही. बँकेत बदल्या होतातच, बायकोने मागे यायचं असतं, असं तू लिहिलंस. बदली कर्जतलाही मागता येते.

तुझी, आणि इथलीच,
शैला