खालची तार

आखाडा बाळापूर

प्रिय आकू,

आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला चेलोवर तो तुकडा वाजवायचा नाही, असं मी म्हणालो आणि तू ताटावरून उठून पुण्याची गाडी धरलीस. पुढल्या रविवारी कार्यक्रम आहे. येणार की नाही, ते तू भावालाही सांगत नाहीस. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहून राहिलो.

मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. व्हायोलिन कानानं बसवलं, तुझ्या हातात पहिला गज मीच दिला, आणि आपली गायन पार्टी जिल्हाभर गेली ती स्वच्छ सुरावर. अन् तुझ्या परीक्षेचा तो परदेशी तुकडा! ना चाल, ना ताल, साथीला कोणी नाही. तारा टेकतात त्या घोडीच्या पलीकडं गज ओढायचा, लाकडावर तळवा आपटायचा. पहिल्यांदा तू पाठवलास तेव्हा मी कळवलं होतं, तुझी खुंटी सरकून राहिली, खडू लाव. किती हसलीस! ढोलकीवाला प्रेमानंद म्हणाला, "भिवादादा, पोरगी चेलो शिकून राहिली का दाराचं बिजागर?" तुझी आई तेवढी म्हणाली, "राहू द्या. दुखणं असंच वाजत असंल." मी म्हणालो, तुला सुरातलं काय कळतं.

तू गेल्यावर आईच्या मोबाइलवर तो तुकडा मी परत लावला. चुका काढायला, दुसरं काही नाही. शेवटाकडं ती जागा आहे बघ: उजव्या हाताचा गज चालूच, आणि डाव्या हातानं तू खालच्या जाड तारेची खुंटी सैल करत नेतेस. सूर उतरत जातो, मग सूर राहतच नाही, नुसती घरघर. तीही थांबते. संपलं वाटतं, तेवढ्यात तार पुन्हा ओढून घेते. तिथं मी मोबाइल बंद केला.

चांगुणा झोपेत शांत गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही तेच. तसं नव्हतं. नांदेडला नेताना वारंगा फाट्यावर ट्रक अडकलेले, अ‍ॅम्ब्युलन्स जागची हलेना. तिचा श्वास असाच उतरत गेला. थांबायचा, पुन्हा ओढून घ्यायचा. माझं मनगट तिनं धरलेलं, नखं रुतलेली. सवयीनं मी मात्रा मोजत होतो, आणि ते कुठंच समेवर येईना. मंडपात लोक म्हणतील शांत गेली, आणि आमची पार्टी तेच गाईल. तिथं व्हायोलिन धरून बसणं मला जमणार नाही. पार्टी नको म्हणून प्रेमानंदला कळवलंय. तू ये. तो तुकडा पूर्ण वाजव, ती जागा गाळू नको. चेलोचा लोखंडी दांडा फरशीवर घसरतो, म्हणून सागाच्या फळीला बराबर मापाचं भोक पाडून ठेवलंय. वाजवताना माझ्याकडं बघू नको.

तुझाच,
बाबा