सावरखेड बुद्रुकचा विजय आणि पांढरं बोंड

मु. सावरखेड बुद्रुक, ता. मंगरूळपीर
फाल्गुन, सन १९३७

कारंज्याचे आमचे वडीलधारे नानाजी यांस जवाईबुवा गुलाबराव पाटलाचा रामराम. तुमच्या गुडघ्याला एरंडेल लागू पडलं असेल असं धरून चालतो. तुमची बहीण कस्तुराबाई ठणठणीत आहे (किती, ते पुढे येईलच).

पत्र अशासाठी, की कौन्सिलाच्या निवडणुकीत आपण जिंकलो. आपण म्हणजे बुद्रुकवाले. शेजारच्या सावरखेड खुर्दच्या पंजाबरावाशी माझी पैज लागली होती: ज्याच्या गावचं मतदान कमी, त्यानं शेलूबाजारच्या भर बाजारातून दुसऱ्याच्या बैलांचा कासरा धरून चालायचं. मागल्या खेपेला आपल्या गावची निम्मी माणसं तुरीच्या खळ्यावरून हललीच नव्हती, त्यामुळे माझ्या पागोट्याचा प्रश्न होता. शिवाय आपले उमेदवार शालिग्रामजी यांना मी शब्द दिला होता, की आमच्या गावचा कल सगळा तुमच्या पांढऱ्या पेटीकडे. (प्रत्येक उमेदवाराच्या पेटीचा रंग वेगळा; लाल पेटी विरोधातल्या किसनसिंगाची. त्याची बायको संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येऊन आपल्याकडच्या बायकांना वाण म्हणून एकेक लाल फणी देऊन गेली. बायकांच्या गोष्टी, मी लक्ष दिलं नाही.)

यंदा नवऱ्याच्या हक्कानं बायकांनाही मत आलं. मी दवंडी पिटवली, की आधी बायका, मग बाप्ये. शाळेत नागपूरकडचा एक कोवळा साहेब बसला होता. यादीत बायकांची नावं नव्हती, नुसतं अमक्याची बायको, तमक्याची बायको. तेव्हा तो प्रत्येकीला विचारी, नवऱ्याचं नाव सांगा. आता नानाजी, आपल्याकडची कोणती बाई चारचौघांत नवऱ्याचं नाव घेईल? पहिली जगदेवाची सीताबाई. तिनं पदर ओढला आणि बिचारीनं आपल्या परीनं वाट काढली.

"साऱ्या जगात भरून काय असते?"

"हवा," साहेब म्हणाला, आणि यादीत हवा शोधू लागला.

दुसरी परतली, तिसरी परतली. खुर्दच्या शाळेतून तर सगळ्या बायका घरी गेल्या अशी खबर आली. माझ्या डोळ्यांपुढे कासरा दिसू लागला. 

तेवढ्यात तुमची बहीण पुढे झाली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळदीकुंकवाला घेतात तसं खणखणीत नाव घेतलं:

"पऱ्हाटीच्या झाडाले पांढरं पांढरं बोंड,
गुलाबराव गावचे पाटील, पन घरात बंद तोंड."

गाव हसलं. हसू दे. मला त्या वेळी तिचा इतका अभिमान वाटला, की दुसरी ओळ मला घरी आल्यावर कळली. मग काय विचारता, परतलेल्या बायकाही धावत आल्या. उखाण्यात नाव घ्यायला लाज कसली? सीताबाईनं जगदेवाला त्याच्या म्हशीसकट गुंफलं. रंगूबाईनं एकावर भागेना म्हणून तीन उखाणे घेतले. साहेबही आधी घड्याळ बघत होता, पुढे पुढे "आणखी एक होऊ द्या" म्हणू लागला. बाप्ये ओसरीवर ऐकत बसले. ही मजा कळताच खुर्दचे बाप्येही स्वतःची शाळा सोडून आमच्याकडे ऐकायला आले, आणि त्यांना हाकायला आलेला पंजाबरावही मागे टेकून मान डोलावू लागला. पाच वाजता दोन्हीकडची दारं बंद झाली.

आपल्या बायका झाडून सगळ्या, आणि बाप्ये जवळजवळ नाहीतच, तरी खुर्दला चारी मुंड्या चीत केलं. गुरुवारी पंजाबरावानं माझ्या बैलांचा कासरा धरला. पवळ्या बैलानं त्याच्या नव्या जोड्यावर पाय दिला. मी गाडीत बसून दोन्ही बाजूंना रामराम करत होतो. असा दिवस पुन्हा यायचा नाही.

घरी सर्वांस यथायोग्य सांगावे.

आपला,
गुलाबराव

ता. क. माझं स्वतःचं मत राहिलं. ओसरीवर मीही ऐकत होतो.

ता. क. दुसरा. शालिग्रामजी पडले. आपल्या गावची लाल पेटी उचलायला दोन माणसं लागली आणि पांढरी साहेबानं काखेत मारून नेली असं ऐकतो. आता उखाण्यात कापसाचं बोंड तर पांढरं होतं, त्यावरून तिचं मत पांढऱ्या पेटीतच असं मी आपलं धरून चाललो आहे. पण कस्तुराबाई काही बोलत नाही, आणि रोज त्या लाल फणीनं केस विंचरते. तेव्हा पत्राचं खरं कारण हे, की पाडव्याला तिला माहेरी न्या आणि भाऊ म्हणून गोडीगुलाबीनं विचारा, मत कोणत्या पेटीत टाकलं. शालिग्रामजींना तोंड दाखवायचं आहे मला.

ता. क. तिसरा. वरचं सगळं तिला वाचून दाखवलं. मला म्हणाली, आणि तेच तुम्हाला लिहा म्हणते: "नाव तुमचं घेतलं, थे का कमी हाय? मत मायं मले राहू द्या." माहेरी मात्र येते म्हणाली. गाडी पाठवा.